नाकाला कुंकू

विट्यात मायणी रस्त्याला माझं गॅरेज आहे. बोर्डावर ‘आकाराम ऑटो’ असं लिहिलंय, पण त्या नावानं विचारत आलात तर कुणी पत्ता सांगणार नाही. नाकवाला हवालदार कुठं बसतो म्हणून विचारा, शेंबडं पोरगंसुद्धा आणून सोडेल. फौजेत एकवीस वर्षं मी गाड्याच दुरुस्त केल्या. बॉनेट उघडायच्या आधी नुसता दारातून वाकून सांगायचो, क्लच जळलाय, वायर वितळतेय, पेट्रोल गळतंय आणि कुठून गळतंय. माझं कधी चुकलं नाही, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, इतकी वर्षं फुशारकी म्हणूनच सांगत होतो.

खंडेनवमीला आम्ही गॅरेजमधली हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतो आणि पुजतो. गॅरेज काढलं त्या वर्षी शेजारचा टायरवाला तात्याबा खोबऱ्याच्या आशेनं आला होता. तो माझ्या बायकोला, मनुबाईला म्हणाला, “वैनी, खरं हत्यार राह्यलं की! नाकाला लावा कुंकू.” मनुबाईनं हसत हसत माझ्या नाकाच्या शेंड्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. तेव्हापासून हा दरवर्षीचा रिवाजच होऊन बसला. आजूबाजूचे दुकानदार त्यासाठीच जमतात आणि मोबाइलवर फोटो काढतात.

चार वर्षांपूर्वी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाक मेलं. मी बारा दिवस दवाखान्यात काढून घरी आलो, चव हळूहळू परतली, वास काही परतला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. अजून यायचाय. दूध करपून भांडं काळं झालं तरी मला पत्ता लागत नाही. हे फक्त मनुबाईला माहीत होतं. बाहेर सांगायची मला लाज वाटली, हे खरं कारण. गिऱ्हाईक तुटेल वगैरे मी तिला सांगायचो, ते वरवरचं. कानानं, हातानं आणि अनुभवाच्या जोरावर मी काम भागवत राहिलो, आणि खंडेनवमीला मेलेल्या नाकावर कुंकू लावून घेत राहिलो. मनुबाई आता ते लावताना हसत नसे.

यंदा दसऱ्याच्या आठवडाभर आधी बिराप्पाची फियाट दारात येऊन उभी राहिली. दुधी रंगाची, १९६४ सालची गाडी. बिराप्पा म्हसवडच्या अलीकडच्या वस्तीवरचा. तरुणपणी मेंढरं भावाच्या हवाली करून मुंबईला गेला आणि एका शेठकडे तीस वर्षं ड्रायव्हर राहिला. शेठ थकला तेव्हा त्यानं ही गाडी बिराप्पालाच देऊन टाकली. गाडीला खोकला झाला तरी बिराप्पा पन्नास-पंचावन्न किलोमीटर तुडवत माझ्याकडे यायचा, दुसऱ्या कुणाला बॉनेटला हात लावू द्यायचा नाही. गेल्या माघात तो वारला. आता त्याचा मुलगा मल्हार गाडी चालवत होता आणि शेजारी बिराप्पाची बायको रंगुबाई बसली होती.

“मिस्त्री, बसलं की पेट्रोलचा भपकारा येतोय,” मल्हार उतरता उतरता म्हणाला. “सोनमला सातवा म्हैना हाय. गाडी नुसती दारात आली तरी तिला मळमळतंय. आज हितं डाक्टरकडं दावायचं हाय, तर ती एसटीनं येतीया मागनं. बायको एसटीत आन् मी गाडीत, लोक हसाया लागल्यात.”

“मग इंजन बघू की.”

“बघा. दसऱ्यापतूर वास गेला तर गेला. न्हाईतर पुण्याचा एक जण न्ह्यायला तयार हाय. जुन्या गाड्या जमवतोय त्यो.”

“इकायची न्हाई,” रंगुबाई आतूनच म्हणाली. मग सावकाश उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “मालकांनी लेकरावानी सांभाळलीया. नातवंड दवाखान्यातनं ह्याच गाडीत बसवून घरी आणायचं, आसं म्हणत गेले त्ये. भाऊ, तुमी वास काढा. मालक म्हणायचे, हवालदाराचं नाक हाय तंवर माज्या गाडीला मरान न्हाई.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘वैनी, ते नाक आता नाही.’ एवढी पाच शब्दांची गोष्ट. पण तिनं बिराप्पाचं नाव घेतलं, आणि मला मेलेल्या माणसासमोर खोटं ठरायचं नव्हतं. म्हणून मी जिवंत माणसांना फसवलं.

मी गाडी आत घेतली. बॉनेट उघडलं, तर पेट्रोल पंपाच्या बुडाशी ओल दिसत होती. इंजिनाच्या बाजूचा वास आतल्या पत्र्याच्या भोकांतून केबिनमध्ये येतो, त्यामुळे मला बरंच वाटलं. डोळ्यांना दिसलंय, नाकाचं काम नाही. पंप खोलला, आतला फाटका पडदा बदलला. वरच्या झाकणाखालचं बुचाचं वायसर, म्हणजे वॉशर, जुनंच होतं, पण धड दिसलं म्हणून तेच पुन्हा बसवलं. नळीच्या सगळ्या जोडांवर खडू घासला. पेट्रोल पाझरत असेल तिथं खडू काळपट होतो. कुठंच झाला नाही. पंपावर मी खडू घासला नाही, कारण पंप मी स्वतः बसवला होता.

या गाडीची टाकी मागं डिकीत. डिकी उघडून मी जॅक काढला. तो एका जुन्या पोत्यात गुंडाळलेला होता. हात पुसायला होईल म्हणून ते पोतं मी माझ्या पत्र्याच्या पेटीत टाकलं. डिकीचा तळ कोरडा दिसला. टाकीत दोनेक लिटर पेट्रोल होतं. तोंडाकडून टाकीत उतरणारी जाड रबरी नळी दिसायला शाबूत होती. पूर्वी मी तिथं डोकं घालून एक दीर्घ श्वास घेतला असता, आणि पाच सेकंदांत सगळं कळलं असतं. यावेळी डिकी बंद केली.

दुपारी डॉक्टरकडं दाखवून तिघं आले. सोनम डोक्यावरचा पदर नाकाला लावून रस्त्याच्या कडेला थांबली. मी दार उघडून केबिनमध्ये वाकलो, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, दोनदा मान हलवली आणि बाहेर आलो. हा खेळ मी चार वर्षं करत होतो.

“गेला,” मी म्हणालो.

मल्हारनं आत डोकं घातलं. “मामा, जरासा येतोय अजून.”

“नाक माजं का तुजं रं?” मी एकदम भडकलो. “इतक्या वर्सांचा शीटमदी मुरलेला वास हाय. चार दीस काचा उघड्या ठिव, उनात लाव. जाईल.”

सोनम नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर मला टोचली आणि त्याचाही मला रागच आला.

निघताना रंगुबाईनं विचारलं, “भाऊ, खंडेनवमीला मालक गाडीत धुपाटणं ठिवायचे. निखाऱ्यावर ऊद घालायचे न् दारं लावून घ्यायचे, धूर कोंडूस्तवर. यंदा म्या करनार हाय. चालंल न्हवं?”

“ठिवा की, बिनघोर ठिवा,” मी म्हणालो.

बिनघोर. हा शब्द मी उच्चारला.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या गॅरेजमध्ये पूजा झाली. झेंडूचे हार, पाटावर पाने आणि पकडी, मधोमध गॅरेजचा जॅक. तात्याबानं नारळ फोडला. मग नेहमीचा ओरडा झाला, “नाक, वैनी, नाक!” मनुबाईनं खाली बघतच माझ्या नाकाच्या शेंड्यावर कुंकू टेकवलं. दोघातिघांनी फोटो काढले. मी मिशीला पीळ देऊन उभा होतो.

“पेटीवर फूल ठिवायचं राह्यलं,” मनुबाई म्हणाली आणि कोपऱ्यातली पत्र्याची पेटी तिनं उघडली. लगेच तिनं तोंड फिरवलं. “आवं, ह्यात पेट्रोल सांडलंय का काय? ह्ये पोतं कुठलं? वासानं डोकं फिरायला लागलं की.”

“कुठलं पोतं?”

तिनं ते दोन बोटांत धरून वर केलं. बिराप्पाच्या जॅकचं पोतं.

मी ते हातात घेतलं. मला कसलाच वास आला नाही, नेहमीसारखा. पण ते पोतं इंजिनापाशी नव्हतं. डिकीत होतं. आठवडाभर पेटीत कोंडूनही त्याला एवढा वास होता, म्हणजे ते पेट्रोलनं भिजून भिजून वाळलेलं होतं. डिकीचा तळ मला कोरडा दिसला, कारण टाकी जवळजवळ रिकामी होती. गळत होती ती वरची नळी, टाकी भरल्यावर. अलीकडं पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. आमच्याच उसापासून बनतं ते, आणि साठ वर्षांच्या रबराला सोसत नाही. आणि बिराप्पाचा दुसराही एक नियम मला आठवला. रिकाम्या टाकीची गाडी पुजायची नाही. पूजेच्या आदल्या संध्याकाळी तो म्हसवडला जाऊन टाकी काठोकाठ भरायचा. रंगुबाईनं तोही पाळला असणार.

रात्रभर भरल्या टाकीनं उभी गाडी, काचा बंद, आत पेट्रोलची वाफ कोंडलेली, आणि त्यात ती बाई निखारे ठेवणार होती. बिनघोर.

मल्हारला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. तात्याबा विचारत होता, “काय झालं? आरं, काय झालं?” चौथ्यांदा कुणीतरी उचलला. सोनम होती.

“सोनम, पोरी, मी आकाराम मिस्त्री. गाडीत काय पेटवू नका! कापूर न्हाई, उदबत्ती न्हाई, कायबी न्हाई. समदी लांब व्हा!”

“का ओ? आत्ती चुलीतलं निखारं भरत्यात धुपाटण्यात.”

“पेट्रोल हाय आत! थांबव तिला!”

“वास गेला म्हणला व्हता न्हवं तुमी?”

गॅरेजमध्ये आठ-दहा माणसं उभी होती. सगळी माझ्याकडे बघत होती. “मला वास येत न्हाई, पोरी,” मी ओरडलो. “चार वर्सं झाली. मी खोटं बोललो. पळ!”

फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज लांबून, “आत्तीऽ! आत्ती, थांबा!” कुत्रं भुंकलं. काहीतरी पितळेचं आपटलं. कुणीतरी किंचाळलं. आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला तर लागेना.

मी मोटरसायकल काढली. मनुबाईनं पान्यांची पिशवी माझ्या खांद्यात अडकवली आणि एवढंच म्हणाली, “सावकास जावा.” मायणीपर्यंत मी काय बघितलं, कोण आडवं आलं, मला आठवत नाही. डोक्यात एकच, ती पोरगी सातव्या महिन्याची आहे आणि मी तिला पळ म्हणालो. तिला गाडीकडंच पळायला लावलं मी. मायणीच्या पुढं रान मोकळं होत जातं, लांबवरचा धूरही दिसतो. मी सारखा म्हसवडच्या अंगाला धूर बघत होतो. धूर दिसत नव्हता, तरी धीर येत नव्हता.

वस्तीवर पोचलो तेव्हा फियाट अंगणात उभी होती. झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं, चारी दारं सताड उघडी. गाडीपासून दहा-बारा पावलांवर धुपाटणं उलटं पडलेलं, भोवती विझलेले कोळसे. रंगुबाई ओट्यावर बसली होती आणि तिच्या उजव्या पावलावर कोरफडीचा गर थापलेला होता. सोनम खांबाला टेकून उभी होती, धापा टाकत नव्हती, धडधाकट होती. मी मोटरसायकल स्टँडला न लावताच सोडली, ती आडवी पडली.

“निखारा पायावर पडला,” सोनम म्हणाली. “म्या एकदम वराडले न् आत्तींच्या हातनं सुटलं.”

मी रंगुबाईसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत कुठंच जुळवलं नव्हतं. “वैनी, माजं चुकलं.”

तिनं मान वर केली, माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा पावलाकडे बघायला लागली. बोलला तो मल्हार. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला.

“मामा, तुमी माज्या पोराला जाळलं आसतं.”

“व्हय,” मी म्हणालो.

पिशवीतनं पाने काढले आणि डिकीकडे गेलो. टाकीच्या तोंडाकडून येणाऱ्या रबरी नळीला खालच्या अंगाला, ती आवळणाऱ्या पट्टीच्या कडेला, बारीक भेगा गेल्या होत्या. दाबली की ओठ उघडावेत तशा त्या उघडत होत्या आणि पेट्रोलचे थेंब बोटावर येत होते. बोटाला गार लागत होतं. बोटानं मी हे आठवड्याभरापूर्वीही शोधू शकलो असतो. मल्हार म्हसवडला जाऊन नवी नळी आणि पट्ट्या घेऊन आला. तोवर मी टाकीतलं पेट्रोल काढून कॅनमध्ये भरलं, आणि कॅन लांब बाभळीखाली नेऊन ठेवले. आमचं एकमेकांशी बोलणं कामापुरतंच होत होतं.

नळी बसवली. टाकी पुन्हा काठोकाठ भरली. मग तासभर गाडी काचा लावून तशीच ठेवली. सगळ्यांना कळत होतं आपण कशासाठी थांबलोय.

“गेला का?” मल्हारनं विचारलं.

सवयीनं मी दार उघडून आत वाकलो. सवयीनं डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला आणि डोळे उघडले, तर समोर आरशात माझं नाक होतं, आणि नाकाच्या शेंड्यावर लालभडक कुंकू.

ते सकाळपासून तिथंच होतं. ते लावूनच मी फोनवर ओरडलो, ते लावूनच पंचावन्न किलोमीटर आलो, ते लावूनच रंगुबाईसमोर उभा राहून चुकलं म्हणालो. ती एवढा वेळ तेच बघत होती. मला माझीच इतकी किळस कधी आली नव्हती.

मी बाहेर आलो आणि शर्टाच्या बाहीनं नाक खसाखसा पुसलं. “मला इचारू नगा,” मी म्हणालो. “सोनमला इचारा.”

सोनम पुढं आली. तिनं पदर नाकावरून काढला आणि दारातून आत तोंड घातलं. मग पाठीमागं डिकीपाशी गेली. “हितं न्हाई आता,” ती म्हणाली. तिथून ती पुढं आली, बॉनेटपाशी थांबली आणि चटकन मागं सरली. “हितं हाय. हितनं येतोय.”

“न्हाई, पुढचं काम मी...” मी बोलायला लागलो आणि थांबलो. बॉनेट उघडलं. यावेळी पंपावर खडू घासला. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं आणि बंद केलं. झाकणाच्या कडेनं खडू काळा पडत गेला. ते जुनं वायसर. मी स्वतः बसवलेलं, म्हणून न तपासलेलं. ‘जरासा येतोय अजून’ असं मल्हार सांगत होता, तेव्हा तो हाच वास होता, आणि मी त्याला नाक माझं का तुझं म्हणालो होतो.

नवं वायसर बसवलं. सोनमनं पुन्हा फेरी मारली. डिकी, मागची शीट, पुढची शीट, बॉनेट. दोनदा मारली. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा होतो. शाळेत गुरुजी वही तपासत असताना उभा राहायचो तसा.

“न्हाई येत आता,” ती म्हणाली.

रंगुबाई लंगडत आली. ताटात हळद-कुंकू होतं, निरांजन नव्हतं. तिनं बॉनेटला, स्टीअरिंगला, चाकांना बोटं लावली. माझे पाने अंगणात पडले होते, त्यांनाही लावली. मग ती सोनमपाशी गेली आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. माझ्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली, ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि पुढं निघून गेली. तिनं मला चहा दिला. प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पण एकदाही भाऊ म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मी गॅरेजच्या बोर्डाखाली खडूनं लिहिलं, आणि पुढच्या आठवड्यात ते रंगवून घेतलं. ‘मला वास येत नाही. पेट्रोल गळत असेल तर वास येणारं माणूस बरोबर आणावं.’ तात्याबा पहिल्यांदा हसला, मग त्यानं ते पुन्हा नीट वाचलं. वाटलं होतं तेवढं गिऱ्हाईक तुटलं नाही. मनुबाई आता जेवणाच्या सुट्टीत येऊन एखाद्या गाडीत डोकं घालते आणि सांगते. चार वर्षं ती हे करायला तयार होती, मीच तिला विचारलं नव्हतं.

डिसेंबरात सोनमला मुलगी झाली. मल्हारचा नाही, तिचा फोन आला. नाव प्रांजल ठेवणार म्हणाली. गाडीबद्दल विचारायला माझी जीभ वळत नव्हती, पण विचारलं.

“गाडी झ्याक हाय मामा. इकली न्हाई. जरा बी वास न्हाई, म्या रोज बघती.”

“मंग बाळाला त्याच गाडीतनं आणलं आसंल घरी?”



“न्हाई मामा. ह्ये घिऊन आले व्हते गाडी, दवाखान्याच्या दारात. आत्तींनी बाळाला छातीशी धरलं, गाडीपतूर गेल्या, दार उघडलं. पर त्यांचा पायच उचलंना. मंग आमी एसटीनं आलो.”